ब्रेक दाबला की गाडी थरथरते, डिस्क बदलली तरी पाच हजार किलोमीटरवर परत तेच? डिस्कच्या मागचं हब बघा

ज्यांची गाडी ८०-९० वरून ब्रेक लावला की स्टेअरिंगसकट थरथरते, गॅरेजमध्ये डिस्क बदलून दिली, महिना दोन महिने गाडी एकदम छान थांबली आणि मग हळूहळू तीच थरथर परत आली, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकदा डिस्क बदलल्यावर ज्यांची थरथर गेली ती कायमची गेली त्यांना याची गरज नाही. पण माझ्यासारखे बरेच जण असणार, दर सहा महिन्यांनी नव्या डिस्कचे पैसे भरणारे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी आमची २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर १८५/६५ आर १५. राहतो कराडला आणि सासुरवाडी चिपळूणला, म्हणजे महिन्यातून एकदा तरी पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि परत चढायचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा गाडी तिथंच होती. सासऱ्यांच्या बिल्डिंगचं पार्किंग जरा उंचावर म्हणून वाचली, पाणी चाकाच्या निम्म्याच्या थोडं वर येऊन थांबलं, आत शिरलं नाही. आजूबाजूच्या गाड्यांची अवस्था बघितली होती त्यामुळे आपली वाचली याचंच इतकं बरं वाटलं की मागच्या ड्रममधला चिखल काढून घेतला, ऑइल बघितलं, बेअरिंगचा आवाज येत नाही ना बघितलं आणि विषय तिथंच सोडला. निम्मं चाक पाण्यात म्हणजे हब (चाक आणि डिस्क ज्याच्यावर बसतात तो मधला फिरणारा भाग) गढूळ पाण्यात होतं, आणि त्या हबच्या तोंडावर, म्हणजे डिस्क टेकते त्या सपाट बाजूवर, पुढं काय होणार आहे, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पुढच्या वर्षी सुरुवातीला थरथर चालू झाली. हायवेला ९० वरून ब्रेक लावला की स्टेअरिंग डावं उजवं असं भरभर हलायचं, पायाखाली पेडल टकटक मारायचं, ४० च्या खाली आलं की गायब. घाट उतरताना तर पोफळी येईपर्यंत हाताला मुंग्या यायच्या. मागे लेक बसलेली, शेजारी बायको दाराचं हँडल घट्ट धरून, अशावेळी ब्रेकवर भरवसा नसणं म्हणजे काय असतं ते ज्याला घाट उतरायचाय त्यालाच कळतं.

पहिल्या गॅरेजमध्ये एक चक्कर मारून मिस्त्री म्हणाले, "साहेब डिस्क वाकली, घाटात गरम होऊन वाकते." नव्या डिस्क, नवे पॅड. मस्त झाली गाडी. साधारण सहा हजार किलोमीटरवर परत थरथर. दुसऱ्या गॅरेजने सांगितलं डिस्क चांगल्या आहेत, लेथवर घासून घेऊ, स्किमिंग केलं, चार हजार किलोमीटर बरं चाललं आणि परत. तिसरीकडे आधी व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, मग सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश, मग शेवटी पुन्हा नव्या डिस्क आणि पॅड. तेही पाच हजारांत संपलं. दोन वर्षं यात गेली. या तिघांपैकी कुणी फसवलं असं मला वाटत नाही, प्रत्येकाने समोर दिसलं ते बदललं. पण तिघांपैकी एकानेही काही मोजलं नाही, सगळी गडबड तिथंच आहे.

आमच्या शेजारी एक काका राहतात, तासवडे एमआयडीसीत आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेले. त्यांनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डिस्क किती आऊट आहे ते डायल लावून बघितलं का रे कुणी?" मी म्हटलं नाही काका. "मग तू नुसत्या डिस्क घालतोयस, ती डिस्क ज्याच्यावर बसते ते सरळ आहे का नाही ते तुला माहितीच नाही." रविवारी सकाळी ते स्वतःचं डायल गेज (डिस्क फिरताना किती डोलते, म्हणजे किती आऊट आहे, ते मोजणारं काट्याचं यंत्र) आणि मॅग्नेटिक स्टँड घेऊन आले, आणि दोन वर्षं चाललेलं प्रकरण त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी उलगडलं.

आधी नेमकं काय होतं ते सांगतो, कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप समजतं. डिस्क "वाकली" असं आपण म्हणतो ती बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. होतं काय, की डिस्क हबवर किंचित तिरकी बसलेली असते, फिरताना ती डोलते, अगदी थोडी, ०.१ मिलिमीटर वगैरे, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. नवी असताना तुम्हाला काही जाणवत नाही कारण कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर सरकतो, डिस्क डोलली तर तोही तिच्याबरोबर डोलतो, आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखीच असते. पण ब्रेक न लावता गाडी चालते तेव्हाही पॅड डिस्कपासून केसभर अंतरावर असतात, मग डोलणाऱ्या डिस्कचा जो भाग बाहेर आलाय तो प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जातो, आणि त्याच्या बरोबर समोरच्या अंगाला दुसऱ्या बाजूच्या पॅडला. माझ्या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर आहे, म्हणजे पाच हजार किलोमीटरमध्ये चाक २५ लाखांहून जास्त वेळा फिरतं. २५ लाख वेळा त्याच जागी हलकंसं घासलं गेलं की तिथं डिस्क बारीक होते. फार नाही, ०.०२ किंवा ०.०३ मिमी. आणि आता ब्रेक दाबला की पॅड एकदा जाड भागावर, एकदा बारीक भागावर, पॅड दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन आत बाहेर ढकलला जातो, ते पेडलला कळतं, आणि ब्रेक कमी जास्त कमी जास्त लागतो, ते स्टेअरिंगला कळतं. ८० च्या स्पीडला हे सेकंदाला ११ वेळा होतं. म्हणून ती थरथर इतकी बारीक आणि भरभर असते, आणि म्हणूनच नवी डिस्क टाकली की पहिले काही हजार किलोमीटर सगळं छान वाटतं. रोग तसाच असतो, नव्या डिस्कला तो लागायला वेळ लागतो एवढंच.

दुसरा प्रकार म्हणजे पॅडचं मटेरियल डिस्कवर एका जागी चिकटून बसणं. घाटात ब्रेक तापवून खाली आलो आणि पाय ब्रेकवर दाबून तसंच उभं राहिलो, टोलनाका असेल, फाटक असेल, तर त्या पॅडच्या आकाराचा थर तिथं बसतो. मग तिथं पकड वेगळी, बाकी ठिकाणी वेगळी, आणि परिणाम तोच, थरथर. डिस्कवर निळसर किंवा काळपट ठिपके, पॅडच्या आकाराचा डाग दिसला तर हा प्रकार समजा.

आता तुमच्या गाडीचं निदान. हत्यारं न घेता बरंच कळतं, म्हणून हे आधी करा. ब्रेक न लावताच ८०-१०० ला स्टेअरिंग हलत असेल तर तो व्हील बॅलन्सिंगचा, रिमचा किंवा टायरचा विषय आहे, त्यासाठी डिस्क बदलू नका. फक्त ब्रेक लावल्यावर हलत असेल तरच पुढं वाचा. स्टेअरिंग हलतंय म्हणजे बहुधा पुढची चाकं. स्टेअरिंग शांत आहे पण सीट आणि पेडल थरथरतंय म्हणजे मागचे ड्रम बघा. मागचं पक्कं करायचं असेल तर मोकळा सरळ कोरडा रस्ता बघून ४० च्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू हँडब्रेक ओढा, झटक्यात नाही, बटण सोडायचं नाही. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे यात थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. हे फक्त हाताने ओढायच्या लिव्हरवालं आहे, बटणाच्या इलेक्ट्रिक हँडब्रेकवर करू नका, आणि पावसात तर कुठल्याच गाडीवर नको.

एबीएसबद्दल (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एक गोष्ट, कारण यात भरपूर लोक फसतात. एप्रिल २०१९ नंतरच्या आपल्याकडच्या नव्या कारना एबीएस असतंच. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला आणि पेडल खर्रर्र करत पायाला मारायला लागलं तर ते एबीएस त्याचं काम करतंय, बिघाड नाही. आपली थरथर वेगळी, ती हलक्या ब्रेकलाही येते आणि स्पीडप्रमाणे कमी होत जाते.

आणखी एक, गाडी १०-१५ किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला हात लावू नका, भाजतं, नुसती धग घ्या. पुढच्या दोन चाकांत एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त गरम असेल तर तिथला कॅलिपर मोकळा होत नाहीये. पिन जाम, किंवा पिस्टन अडकलाय, किंवा क्वचित ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून तेल परत येऊ देत नाही. अशा चाकाला डिस्क कितीही वेळा बदला, ती तापतच राहणार.

पावसाळ्यात कोकणात गाडी दोन तीन आठवडे उभी राहिली असेल तर पहिल्या दिवशी थोडी थडथड येते, डिस्कला गंज धरलेला असतो, दहा बारा ब्रेकमध्ये जातो. पॅडखाली गंजाचा ठसा खोल उमटला असेल तर मात्र राहतो, मग घासूनच घ्यावी लागते.

आता आमच्या रविवारचं सांगतो. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड, जॅक लावून पुढची बाजू उचलली आणि खाली घोडी (गाडी पेलणारा पक्का स्टँड) लावली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाच्या बाजूला बसू नका, काकांनी मला घोडी लावल्याशिवाय हातच लावू दिला नाही. चाक काढतानाच पहिला पुरावा मिळाला. डाव्या चाकाचे दोन नट गाडीबरोबरच्या पान्याने हलेनात, पाइप घालून जोर लावावा लागला, आणि उरलेले दोन त्यामानाने सहज सुटले. टायरच्या दुकानात हवेच्या गनने घट्ट केले होते ते असे.

चाक काढल्यावर नट परत डिस्कवर आवळायचे, मधे जाड वॉशर घालून, नाहीतर डिस्क हबवर सैल राहते आणि रीडिंग खोटं येतं. डायल गेजचा काटा डिस्कच्या कडेपासून साधारण १० मिमी आत टेकवला, हाताने डिस्क सावकाश फिरवली. उजवी बाजू ०.०४ मिमी. डावी बाजू ०.१४. काका काही बोलले नाहीत, फक्त मला डायलकडे बघायला सांगितलं, काटा एका बाजूला जातोय आणि परत येतोय, प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी. बऱ्याच गाड्यांना डिस्कवर जास्तीत जास्त ०.१ चालतं, काहींना त्याहून कमी, आपापल्या गाडीचं मॅन्युअल बघावं. हबच्या तोंडाला तर ०.०५ च्या वर नकोच.

मग मायक्रोमीटरने जाडी, आठ ठिकाणी, खडूने खुणा करून. व्हर्निअर वापरू नका, डिस्कच्या कडेला न घासलेली धार राहते, व्हर्निअर तिच्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. डाव्या डिस्कमध्ये सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक जागेत फरक आला ०.०३ मिमी. उजवीत ०.०१ सुद्धा नव्हता. एवढा बारीक फरक स्टेअरिंग हलवतो यावर माझा विश्वास बसेना, पण ०.०२ लाच लोकांना जाणवायला लागतं.

कॅलिपर काढून तारेने सस्पेन्शनला बांधला, रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क गंजाने हबला चिकटलेली, पण पुष्कळ डिस्कना आट्यांची दोन भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळले की डिस्क आपोआप ढकलली जाते. हातोड्याने ठोकू नका, बेअरिंगला मार बसतो. डिस्क निघाली आणि मागे हबचं तोंड बघितलं तर एका बाजूला गंजाचा खपल्या खपल्यांचा पट्टा, आणि तशीच खूण नव्या डिस्कच्या आतल्या तोंडावर उमटलेली. म्हणजे तीन वेळा डिस्क काढली घातली आणि प्रत्येक वेळी त्या गंजावरच बसवली. पुराचं पाणी जिथं साचून राहिलं तिथलाच तो गंज असणार, शिवाय चिपळूणची दमट हवा.

काकांनी डायल आता हबच्या तोंडावर लावला, कडेजवळ. ०.०७. मग कागदावर हिशोब करून दाखवला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. हबच्या तोंडाचा व्यास साधारण १३० मिमी आणि आपण डिस्कवर मोजतो ती जागा साधारण २४० मिमी व्यासावर, म्हणजे हबवर जेवढा तिरकेपणा आहे तो डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट होऊन दिसतो. ०.०७ चा इथं झाला ०.१३, आणि आपलं रीडिंग होतं ०.१४. सगळा हिशोब जुळला, डिस्कचा यात काही दोषच नव्हता.

साफ कसं केलं, तर आधी वायर ब्रश, मग पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळून, आणि बोल्टच्या बुडाशी जिथं पेपर पोचत नाही तिथं छोट्या ब्रशने. सगळ्यात हट्टी गंज त्या बोल्टच्या भोवतीच असतो. ग्राइंडर लावू नका, कमी जास्त खाल्लं गेलं तर हब वाया जाईल. डिस्कच्या आतल्या तोंडालाही तेच, आणि रिमचा जो भाग डिस्कवर टेकतो त्यालाही. पाऊण तास एका चाकाला गेला. परत मोजलं, हब ०.०२. साफ करूनही ०.०५ च्या वर येत असतं तर मग हब किंवा बेअरिंग बदलण्याला पर्याय नव्हता.

डिस्क परत ठेवून मोजली, ०.०५. तिथं काकांनी एक युक्ती केली. चार नटची डिस्क आहे, तर खूण करून एक भोक सरकवून बसवली, म्हणजे पाव फेरा. आता ०.०३. डिस्कचा स्वतःचा थोडा तिरकेपणा आणि हबचा थोडा तिरकेपणा एकमेकांना खोडून काढतात, चारही जागा बघून जी सगळ्यात कमी येते ती ठेवायची. फुकटचं काम आहे, डायल फक्त हवा.

जाडीतला ०.०३ चा फरक मात्र काढावाच लागणार होता. डिस्क नव्या होत्या, नव्याची जाडी २० मिमी, आमची अजून १९.८ च्या आसपास, आणि डिस्कवरच कमीत कमी १८ असं कोरलेलं असतं. काकांच्या ओळखीच्या लेथवर दोन्ही डिस्क हलक्या घासून घेतल्या, एकाच सेटिंगमध्ये दोन्ही बाजू, आणि लेथवर धरताना डिस्कचं आतलं तोंड साफ आहे का ते आधी बघायला लावलं. बहुतेक ठिकाणी स्किमिंग बिघडतं ते इथंच, गंजलेलं तोंड चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरतात आणि मग तिरकी डिस्क तिरक्या हिशोबानेच घासली जाते. घासून कोरलेल्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर घासू नका, बदला. पातळ डिस्क पटकन तापते.

पिना. डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने ओढली तर अर्धीच आली. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा साधारण दीड मिमी जास्त झिजलेला, पिन जाम असल्याची ही नेहमीची खूण. पिन साफ केली, भोक साफ केलं, सिलिकॉन ग्रीस लावलं. इथं साधं चाकाचं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन परत जाम होते, बऱ्याच गॅरेजमध्ये हे सर्रास चालतं. वरची आणि खालची पिन सारखी दिसली तरी कधी कधी वेगळी असते, एकीला पुढं छोटं रबर असतं, अदलाबदल करू नका. रबरी बूट फाटला असेल तर किट घ्या, स्वस्त असतं. पुण्यात असाल तर नाना पेठेत सहज मिळतं.

नवे पॅड घातले कारण जुने तिरके झिजलेले. पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष ठेवा, वर येऊन सांडलं तर रंग खातं. आणि सगळं बसवल्यावर, गाडी हलवायच्या आधी, पेडल चार पाच वेळा दाबून घट्ट करून घ्या. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, गाडी भिंतीवर जाते. हे कृपा करून विसरू नका.

आता नट, कारण दुसरा अर्धा रोग इथं आहे. एक नट जास्त आवळला आणि शेजारचा कमी, तर डिस्क आणि हब त्या बाजूला ओढले जातात आणि साफ केलेल्या हबवरसुद्धा तिरकेपणा परत येतो. समोरासमोर असे आलटून पालटून आवळायचे, आधी सगळे हलके, मग सगळे पूर्ण, आणि शेवट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना). बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या मधला आकडा असतो, मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. मी टॉर्क रेंच विकत घेतला, एका डिस्कच्या जोडीपेक्षा स्वस्त पडला. टायरवाल्याकडे गेलो की सांगतो, "दादा गनने नुसते टेकवा, शेवटचं मी करतो." कुणी नाही म्हटलेलं नाही आजवर. पंक्चर काढलं तरी हेच, टायर फिरवून घेतले तरी हेच. तुमची थरथर टायरचं काम करून आल्यानंतर काही दिवसांनी किंवा महिन्याभराने चालू झाली असेल तर सगळ्यात आधी नट सोडून नीट आवळून बघा, फार जुनं झालं नसेल तर एवढ्यानेही निभावतं.

घासलेल्या डिस्क आणि नवे पॅड एकमेकांना बसवून घ्यावे लागतात, ते कुणी करत नाही. सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत ६०, मधे अर्धा किलोमीटर हवा लागू द्यायची, असं आठ दहा वेळा. मग पाच सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून घरी, आणि गार होईपर्यंत हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो, डाग पडत नाही.

घाटाबद्दलही लिहितो, कारण आपल्याकडे खंबाटकी असो, वरंधा असो की कुंभार्ली, ब्रेक तिथंच मरतात. ११०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर साधारण दीड युनिट वीज होईल एवढी ऊर्जा कुठंतरी जायला हवी. १५०० वॅटचा गिझर एक तास चालू ठेवला तर जेवढी उष्णता होते तेवढी, ती वीस पंचवीस मिनिटांत, आणि ब्रेकनेच उतरलात तर त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा तर दुसरा, इंजिनलाच गाडी रोखू द्या. ब्रेकवर पाय हलका ठेवून सतत घासत राहण्यापेक्षा जरा जोरात दाबून स्पीड कमी करा आणि पूर्ण सोडा, डिस्कला श्वास घेऊ द्या. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजून दिसतात, त्यांना हात जोडून विनंती आहे, तसं करू नका, इंजिन बंद केलं की ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारी मदत) सुद्धा दोन तीन दाबांत संपतो. खाली आल्यावर लगेच टपरीवर थांबून चाकांवर पाण्याच्या बादल्या ओतणं हेही नको, आधी दोन तीन किलोमीटर सपाटीवर चालवा.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना उकळायचं तापमान कमीत कमी २३० अंश, पाणी शोषलं की १५५ पर्यंत येऊ शकतं, मग घाटात पेडल स्पंजसारखं खाली जातं. थरथरीशी याचा थेट संबंध नाही, पण चाकं उघडली आहेतच तर दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलून टाका.

हे सगळं करूनही थरथर राहिली तर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड बघा. ढिले झाले की थोडीशी थरथर मोठी करून दाखवतात. पण हे आधी बदलू नका, मी बदलून बसलो होतो, फरक शून्य. अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढते, थरथरत नाही, त्यामुळे त्यातही पैसे घालू नका.

ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांनी गॅरेजमध्ये एवढंच विचारावं, "डायल गेज आहे का, डिस्क काढायच्या आधी आणि बसवल्यावर किती आऊट आहे ते मला दाखवाल का?" दाखवतो म्हणणारा मिस्त्री मिळाला तर दोन पैसे जास्त द्या त्याला. नाही म्हणत असेल तर निदान समोर उभं राहून हबचं तोंड साफ करून घ्या आणि नट हाताने आवळून घ्या.

आमची गाडी त्यानंतर १४ हजार किलोमीटर चालली, त्यात घाट किती वेळा झाला याची गणती नाही. गेल्या महिन्यात टायर बदलले तेव्हा काकांना परत बोलावलं, डायल लावला. डावं ०.०४, उजवं ०.०४, जाडीचा फरक ०.०१ च्या आत. डाव्या हबच्या कडेला थोडी तांबूस झाक परत धरलीये, ती पॉलिश पेपरने काढली आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा चाक काढून बघायचं असं ठरवून ठेवलंय.